पंपाची ठेवण

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात अवजारे ठेवून देण्याचा असा एकच हंगाम नसतो. पेरणी आटोपली की तिफन, डवरणी संपली की डवरा, आणि कापूस वेचणीला आला की फवारणीचा पंप. ज्याचे काम सरेल ते घरी येते. बाबांना हे करताना मी लहानपणापासून पाहत आलो. तिफनीच्या नळ्यांत अडकलेली माती काडीने काढायची, चाडे फडक्याने पुसायचे, वखराच्या पासेला जळके ऑइल लावायचे आणि सारे गोठ्यात उंचावर टांगायचे. कारण भुईला टेकलेले लाकूड वाळवीचे. वाक्याची ठेवण मी वर्गात शिकवतो खरा, पण तो शब्द मला पहिल्यांदा कळला तो त्या गोठ्यात.

पंपाची ठेवण मात्र बाबांना ठाऊक नव्हती. ती मी छापील पत्रकांतून शिकलो. टाकी तीनदा विसळायची, दर वेळी नळीतून आणि नोझलमधूनही स्वच्छ पाणी जाऊ द्यायचे, ते नाल्यात किंवा विहिरीपाशी सोडायचे नाही. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकायचे नाही. टाकी उलटी करून सुकवायची. बॅटरी चार्ज करून ठेवायची. हे सारे आमच्या सालदाराला समजावून सांगितले आणि पंप खुंटीवर गेला, की माझे कर्तव्य संपत असे.

२०१७ च्या खरिपात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, एकत्र कालवलेली कीटकनाशके, तोंडाला जेमतेम रुमाल अशी अनेक कारणे तेव्हा सांगितली गेली. आपण त्या विषाला 'औषध' म्हणतो, हेही त्यांतलेच एक असावे. आमच्या सालदारालाही दोन दिवस मळमळ होती, डोळ्यांना धूसर दिसत होते. तो बरा झाला. दिवाळीनंतर त्याने नेहमीप्रमाणे पंप धुऊन आणला.

"भाऊ, पंप लख्ख केला. टांगून देऊ?"

"आणि फवारणीचा सदरा?"

"तो घरी नेतो ना. बायको धुते, बाकी कपड्यासंगं."

मी गप्प झालो. इतकी वर्षे पंपाचे विष तीन पाण्यांनी धुतले जात होते. त्याच्या अंगावरचे विष मात्र रोज संध्याकाळी त्याच्या घरी जात होते, लेकरांच्या कपड्यांच्या बादलीत उतरत होते. लोखंड गंजू नये, लाकूड किडू नये, वॉशर सुकू नये याची काळजी आमच्या घराला पिढीजात होती. अवजार आमचे होते. सदरा त्याचा होता.

आता गोठ्यात पंपाशेजारी आणखी दोन खुंट्या आहेत. तिथे पूर्ण बाह्यांचे दोन सदरे, मास्क आणि चष्मा असतो. खाली वेगळी बादली आणि साबण. फवारणी झाली की कपडे तिथेच धुतले जातात, आंघोळही तिथेच होते. खर्च म्हणाल तर एका फवारणीच्या औषधाहून फारसा अधिक नाही. तरी त्या खुंट्या ठोकायला एका माणसाचे आजारपण लागले. ग्रामीण साहित्यातील सालदाराचे चित्रण शिकवताना हे मला दर वर्षी आठवते.