झे. सोलकर

क्रिकेटच्या धावफलकाला स्वतःचे एक व्याकरण आहे. 'नॉट झे. सोलकर गो. वेंकटराघवन १' ही ओळ पाहा. हिच्यात क्रियापद नाही, तरीही क्रिया दोन आहेत. बाद झालेला एक आणि बाद करणारे दोन. त्या दोघांपैकी पहिले नाव झेल घेणाऱ्याचे, दुसरे गोलंदाजाचे. एवढ्यावरून वाटावे की श्रेयाची वाटणी बरोबरीची झाली. पण नजर थोडी खाली नेली की जिथे गोलंदाजीचा हिशेब मांडलेला असतो तिथे पहिले नाव नाहीसे झालेले दिसते. बळी गोलंदाजाच्या खाती जमा होतो. फलंदाजाला धावांचे खाते असते, गोलंदाजाला बळींचे. झेल घेणाऱ्याला सामन्याच्या या जमाखर्चात खातेच नसते. तो ओळीत असतो, हिशेबात नसतो.

साहित्याचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांनी या ओळीकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते. कारण वाङ्मयाच्या इतिहासाचे आपले धावफलकही बहुतांशी याच व्याकरणाने लिहिलेले आहेत.

ही ओळ ऑगस्ट १९७१ मधील ओव्हलच्या कसोटीतली. ॲलन नॉट हा इंग्लंडचा यष्टिरक्षक पहिल्या डावात ९० धावा करून गेला होता. दुसऱ्या डावात तो टिकला असता तर सामना हातचा गेला असता. वेंकटराघवनच्या चेंडूवर त्याने बचावाचा पवित्रा घेतला, चेंडू बॅटीपुढे किंचित उडाला आणि फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या एकनाथ सोलकरांनी अक्षरशः लोटांगण घालून तो जमिनीला टेकण्यापूर्वी उचलला. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले. अजित वाडेकरांच्या संघाने चार गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरचा भारताचा तो पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजयही. त्या विजयाच्या आठवणीत चंद्रशेखरचे सहा बळी अग्रभागी असतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी तो सामना मनात जपला त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा आधी येतो तो जमिनीला समांतर झालेला सोलकरांचा देह.

एकनाथ सोलकरांचा जन्म १८ मार्च १९४८ चा, मुंबईचा. मरीन लाइन्सच्या समुद्राकाठी जिमखान्यांची जी ओळ आहे, तिच्यातल्या हिंदू जिमखान्यावर त्यांचे वडील मुख्य माळी होते, म्हणजे मैदान आणि खेळपट्टी राखणारे. तिथे चाललेल्या सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलण्याचे काम एकनाथ लहानपणी करीत असे. ज्या फळ्यावर इतरांच्या धावा तो टांगत होता, त्या फळ्याच्या पुढच्या बाजूला पोहोचायला त्याला फार वर्षे लागली नाहीत. १९६५-६६ मध्ये लंडनच्या शालेय संघाविरुद्ध भारतीय शालेय संघाचे नेतृत्व त्याने केले. त्या संघात सुनील गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ होते. १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला सोलकर पहिली कसोटी खेळले. धाकटे सोलकर, अनंत, हेही प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. माळ्याच्या घरातून दोन क्रिकेटपटू निघाले.

मैदान राखणारे हात आणि मैदान गाजवणारे हात यांचे हे नाते मराठी मुलखाला नवे नाही. पळवणकर बाळू यांनी पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची झाडलोट करीत आणि सरावाला चेंडू टाकीत आपली डावखुरी फिरकी घडविली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले. तरीही चांभार कुळात जन्मलेल्या या थोर गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले. सोलकरांचा काळ निराळा, परिस्थिती निराळी. पण दोघांच्या कथेत एक गोष्ट समान आहे. खेळाची जमीन ज्याने गुडघे टेकून पाहिली आहे, त्याला चेंडू कुठे आणि किती उसळेल हे फार वेगळ्या रीतीने कळत असावे.

आता फॉरवर्ड शॉर्ट लेग या जागेविषयी. फलंदाजाच्या पुढ्यात, त्याच्या पायांच्या बाजूला, चारपाच पावलांवर ओणवे होऊन उभे राहायचे. फलंदाजाने चेंडू हलकेच थोपविला तर तो झेल. जोराने फटकावला तर तो इजा. दोहोंमधील अंतर पापणी लवण्याइतके. सोलकर या जागी शिरस्त्राणाविना उभे राहत. त्यांची शेवटची कसोटी जानेवारी १९७७ ची. शिरस्त्राणे क्रिकेटमध्ये रुळू लागली ती त्यानंतर. बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौघांची फिरकी भारतीय क्रिकेटचे वैभव मानली जाते. पण फिरकी ही एक संशयनिर्मिती आहे. चेंडू आत येईल की बाहेर जाईल, उसळेल की खाली राहील, असा संशय गोलंदाज पेरतो. त्या संशयाचे बळीत रूपांतर व्हायचे तर शेजारी कुणीतरी उभे असावे लागते. सोलकर समोर ओणवे असले की बचाव हाही धोक्याचा फटका होई. १९७२-७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत त्यांनी १२ झेल घेतले. एकूण २७ कसोटींत ५३. दर कसोटीस जवळपास दोन झेल हे प्रमाण, वीस वा अधिक कसोटी खेळलेल्या यष्टिरक्षकेतर खेळाडूंमध्ये, क्रिकेटच्या इतिहासात अव्वल गणले गेले आहे.

आणि तरीही संदर्भग्रंथात त्यांच्या नावापुढे आधी काय छापलेले असते? १०६८ धावा, सरासरी २५.४२. बळी १८. हे आकडे खोटे नाहीत. पण त्यांवरून सोलकर हा एक साधारण फलंदाज आणि त्याहून साधारण गोलंदाज ठरतो. ज्या गोष्टीत तो असाधारण होता ती शेवटच्या रकान्यात येते, आणि तीही झेलांच्या नुसत्या संख्येने. फलंदाजाने न मारलेले फटके, गोलंदाजाला मिळालेला धीर, यांना रकाना नाही.

बेसबॉलवाल्यांनी या बाबतीत थोडा अधिक विचार केलेला दिसतो. त्या खेळात मैदानाच्या दूरच्या पट्ट्यात तिघे क्षेत्ररक्षक असतात, आउटफिल्डर. त्यांच्या नावे टिपलेल्या बळींची, फेकीने साधलेल्या बळींची आणि चुकांचीही नोंद होते. संघाच्या चुका तर धावांच्या शेजारी मैदानावरच्या फलकावर झळकतात. १९५७ पासून उत्तम क्षेत्ररक्षकांना 'गोल्ड ग्लव्ह' हा स्वतंत्र सन्मान दिला जातो. विली मेज या आउटफिल्डरने १९५४ च्या अंतिम मालिकेत मैदानाच्या टोकाकडे पाठमोरा धावत जाऊन घेतलेला झेल तिकडे नुसता 'द कॅच' म्हणून ओळखला जातो. मेजच्या नावे षटकारसदृश ६६० 'होम रन' आहेत. पण त्याचे स्मरण या एका झेलाने होते. अर्थात नोंदीचे रकाने वाढविल्याने सारेच मोजले जाते असे नाही. परंतु रकाना असणे म्हणजे निदान हे काम काम आहे असे मान्य करणे होय.

मी सोलकरांना खेळताना पाहिलेले नाही. ते कसोटी क्रिकेट खेळायचे थांबले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला ते भेटले वडिलांच्या एका वहीत. वडील एका महाविद्यालयात ग्रंथालय परिचर होते. किनवटला तेव्हा मीटर गेजच्या गाडीने वर्तमानपत्र एक दिवस शिळे होऊन येई. त्यातले धावफलक कापून ते खळीने वहीत चिकटवीत. १९७१ च्या पानांवर त्यांनी पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत, आणि त्या शतकांखाली नाहीत, 'झे. सोलकर' या शब्दांखाली आहेत. कारण मी कधी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. वहीवर भाष्य करावे असा त्यांचा स्वभाव नव्हता. परंतु या नोकरीतली त्यांची तीस वर्षे मला माहीत आहेत. उसवलेल्या पुस्तकांना त्यांनी पुठ्ठे चढविले, वाळवी लागलेली कपाटे रॉकेलने पुसली. तेलुगू, गोंडी, बंजारा बोलत घरून आलेल्या पोरांच्या हाती, त्यांनी मागितले नव्हते तेही पुस्तक ठेवले. त्या पोरांपैकी काही पुढे प्राध्यापक झाले. त्यांच्या प्रबंधांच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांची नावे आहेत, ग्रंथालयांची नावे आहेत. वडिलांचे अक्षर आजही आहे, पण ते दाखलनोंद वहीत.

किनवटच्या शेजारी माहूर आहे. दत्तात्रेयाचे स्थान म्हणून महानुभावांना पूज्य. 'लीळाचरित्र' वर्गात शिकविताना माझ्या मनात नेहमी म्हाइंभट येतात. चक्रधरांच्या लीळा चक्रधरांच्या; बोलणे त्यांचे, दर्शन त्यांचे. पण ते बोलणे हवेत विरण्यापूर्वी पकडणारे हात म्हाइंभटांचे. नागदेवाचार्यांच्या स्मरणातून आणि गावोगावच्या अनुयायांकडे फिरून त्यांनी ते वेचले नसते, तर मराठी गद्याच्या आरंभीचे एक थोर प्रकरण कोरे राहिले असते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचे नाव लेखक म्हणून येते. तिथे लेखक म्हणजे लिहून घेणारा. आपल्या परंपरेला या दुसऱ्या नावाची जाणीव होती. ती ओळीत ते नाव ठेवीत होती. पुढे आपण वाङ्मयेतिहास लिहू लागलो तेव्हा कर्त्यांची खाती उघडली आणि संपादक, पाठचिकित्सक, अनुवादक, हस्तलिखिते जपणारे यांना 'साहाय्य' या एका शब्दात गुंडाळून टाकले.

इथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. दुय्यम जागेचे गोडवे गाणे फार सोपे असते, आणि ते बहुधा ज्यांचे खाते भरलेले आहे असे लोकच गातात. 'पडद्यामागे राहण्यात खरी थोरवी' हे वाक्य पडद्यापुढच्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. सोलकर काही विनम्रतेपोटी शॉर्ट लेगला उभे राहिले नव्हते. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी अवस्था असताना दिलीप सरदेसाईंबरोबर त्यांनी १३७ धावा जोडल्या. ब्रिजटाउनला ६ बाद ७० नंतर पुन्हा दोघांनी १८६ धावा जोडल्या. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे मैदानावरच्या पहिल्याच कसोटीत त्यांनी शतक ठोकले. १९८०-८१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. संधी मिळेल तिथे त्यांनी खाते उघडले. शॉर्ट लेगची जागा त्यांनी निवडली ती कौशल्याने; ती त्यांचा त्याग नव्हती, त्यांचे प्रभुत्व होते. माझ्या वडिलांची जागा त्यांनी निवडलेली नव्हती. ती परिस्थितीने दिली. दोघांना एकाच आरतीत ओवाळणे हा दोघांवरही अन्याय होईल. एकाच्या कौशल्याला रकाना नव्हता, दुसऱ्याच्या कौशल्याला मैदानच नव्हते.

म्हणून प्रश्न गौरवाचा नाही, वाचनाचा आहे. एखादी संहिता हाती घेतली की तिच्या मुखपृष्ठावरच्या नावाबरोबर आणखी कोणकोणती नावे त्या ओळीत उभी आहेत, हे शोधणे अभ्यासकाचे काम आहे. हस्तलिखिताची प्रत कुणी केली, पाठ कुणी लावला, दुसऱ्या भाषेतून कुणी आणले, कुणाच्या स्मरणातून उतरले. यातून कर्त्याचे मोठेपण उणावत नाही. सोलकरांचे नाव घेतल्याने बेदी लहान होत नाहीत. उलट त्यांची गोलंदाजी कशी चालत होती हे अधिक स्पष्ट दिसते.

२६ जून २००५ रोजी मुंबईत सोलकर गेले. वय सत्तावन्न. त्यांच्या पाठीमागे ५३ ओळी उरल्या. प्रत्येक ओळीत ते कर्ता आहेत आणि जवळजवळ प्रत्येक बळी दुसऱ्याच्या खात्यावर आहे. त्या ओळी वाचताना आपण दुसऱ्या नावाकडे फार लवकर पोहोचतो. पहिल्या नावापाशी क्षणभर थांबावे, इतकेच.