फ्योर्डच्या वाटेवर, सावकाश

ओस्लोहून बर्गनला रेल्वे सुमारे सात तासांत पोहोचते. वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर हा प्रवास एका दिवसात उरकू नये. मीरडाल येथे गाडी बदलून फ्लोमला उतरावे आणि दोन रात्री मुक्काम करावा. ८६७ मीटर उंचीवरून समुद्रकाठापर्यंतचा हा उतार तासाभराचा आहे. दुसऱ्या दिवशी नौकेतून नेरॉयफ्योर्ड पाहावा. दोन तास आपण बसलेले असतो; कडे आणि धबधबेच समोरून सरकत जातात. दुखऱ्या गुडघ्यांना याहून सौम्य यात्रा कोणती?

जूनमध्ये तेथे रात्री दहानंतरही उजेड असतो. संध्याकाळच आहे असे वाटून रात्रीची गोळी राहून जाते, झोप लांबते. म्हणून औषध व निद्रा घड्याळाप्रमाणेच असावी; जाड पडदे ओढून घ्यावेत. उन्हाळ्यात तेथील घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते. इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. विमानाच्या मालकक्षात ते गोठू शकते. बर्गनमध्ये पाऊस नित्याचा, म्हणून न घसरणारी पादत्राणे हवीत.

एखादे स्थळ राहिले तरी चालेल. आजीआजोबांनी रात्री ‘उद्या कोठे?’ असे विचारले, की सहल साधली.