एका रात्रीची घाई

"उत्खननात सापडणारी सर्वांत मौल्यवान गोष्ट कोणती?" इतिहासाच्या तासाला सरांनी विचारले. "सोने!" क्षणाचाही विचार न करता मी उत्तरले. वर्ग हसला, सरही हसले. तास संपल्यावर त्यांनी ग्रंथालयातून कोरियातील राजसमाध्यांवरचे एक जाडजूड पुस्तक मला काढून दिले. म्हणाले, "यात सोने पुष्कळ आहे. वाचून झाले की पुन्हा उत्तर दे."

सोने खरोखरच पुष्कळ होते. दक्षिण कोरियातील ग्यॉन्गजू ही प्राचीन सिल्ला राज्याची राजधानी. ऐन शहरात हिरवळीने झाकलेल्या टेकड्या दिसतात. त्याच राजेराण्यांच्या समाध्या. आत लाकडी कोठडी, तिच्यावर दगडांची रास आणि त्यावर मातीचा डोंगर. त्यामुळे चोरांना सहसा आत शिरता आले नाही. ह्वांगनाम येथील मोठी जोडसमाधी १९७३ ते १९७५ या काळात खणली गेली. तिची लांबी सुमारे १२० मीटर. सोन्याचा मुकुट मिळाला तो उत्तरेकडच्या भागात, आणि त्याच भागातल्या चांदीच्या एका तुकड्यावर 'राणीसाहेबांचा कमरपट्टा' अशा अर्थाची अक्षरे होती. म्हणजे मुकुट स्त्रीच्या बाजूचा! कोणती वस्तू कोणाशेजारी होती, यावरूनच हे उमगले.

पण माझे मन अडकले ते दुसऱ्याच एका समाधीत. गॉन्गजू हे बेक्जे राज्याच्या राजधानीचे गाव. तेथे जुलै १९७१ मध्ये जुन्या समाध्यांत झिरपणारे पाणी काढून देण्याचे काम चालले होते. खणताना अवजार विटांना लागले आणि राजा मुर्यॉन्गची समाधी अचानक हाती आली. चौदा शतके तिला कोणी हात लावलेला नव्हता. वाटेत जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा एक दगडी प्राणी पहारा देत उभा होता. कोरलेल्या शिळांवर राजाचे नाव होते. ५२३ साली तो वारला आणि ५२५ साली त्याला येथे ठेवले, ही नोंद होती. एका शिळेवर तर चक्क खरेदीखत होते: ही जमीन भूमीच्या देवतांकडून दहा हजार नाण्यांना विकत घेतली! शिळेवर नाण्यांची माळही ठेवलेली होती. राजा असूनही त्याने देवांची जमीन फुकट घेतली नाही, हे वाचून मला त्याच्याविषयी आपुलकीच वाटू लागली.

आणि पुढचे पान वाचून वाईट वाटले. बातमी फुटली, बघ्यांची आणि वार्ताहरांची झुंबड उडाली. त्या गर्दीत एक काशाचा चमचा पायाखाली येऊन मोडला. ८ जुलैला समाधी उघडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सारे रिकामे! बारीकसारीक वस्तू पोत्यांत भरल्या गेल्या. महिनोन् महिने चालायला हवे होते ते काम एका रात्रीत उरकले. उत्खननाचे प्रमुख किम वॉन-योंग यांनी पुढे ही चूक उघडपणे कबूल केली.

पुस्तक मिटले तरी मला पोती दिसत राहिली. कारण तसेच एक पोते मीही भरले होते.

आजीच्या तेराव्यानंतर तिची पत्र्याची ट्रंक मीच उघडली. दुसऱ्या दिवशी सगळे परतायचे होते, घाई होती. मी ट्रंक सरळ चादरीवर पालथी केली. लुगडी, पोथी, कुंची, पत्रे, सगळ्यांचा एकच ढीग झाला. त्यात चांदीचे एकच वाळे निघाले, तान्ह्या बाळाचे. आत्याने ते तळहातावर घेतले आणि हळूच विचारले, "हे कशात होते ग?" मला सांगता येईना. बाबांच्या आधी आजीला एक मुलगी झाली होती, ती वर्षाच्या आतच गेली, एवढेच घरात ठाऊक. वाळे कुंचीत गुंडाळलेले असते तर ते बहुधा तिचे. पत्रांत असते तर कदाचित बाबांचे. आजी उभ्या जन्मात त्या मुलीविषयी बोलली नाही. तिने जे काही सांगून ठेवले होते ते त्या ट्रंकेच्या घड्यांत होते, आणि त्या घड्या मी एका झटक्यात मोडल्या.

१९२१ साली ग्यॉन्गजूमधली एक समाधी अशीच घाईने रिकामी झाली होती. तिच्यातली एक तलवार २०१३ साली संग्रहालयात साफ करताना तिच्यावर 'इसाजी राजा' अशी अक्षरे दिसली. ब्याण्णव वर्षांनी नाव मिळाले, आणि तेही आपल्या कानांना ओळखीचे वाटावे असे!

ते वाचले आणि धीर आला. सुटीत घरी गेले तेव्हा आत्याला आणि आईला घेऊन बसले. ट्रंकेत काय काय होते आणि कोठे होते, जेवढे आठवले तेवढे एका वहीत लिहून काढले. सहा पाने भरली.

परवा ती वही सरांना दाखवली. 'वाळे' या शब्दापुढे 'जागा' या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते. सरांचे बोट तिथे थांबले. तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारला नाही.