तुमच्या घराखाली काय आहे?

तुमच्यापैकी बरेच जण बे एरियात जन्मले. टेबलाखाली शिरायचं, त्याचा पाय घट्ट धरायचा, ही भूकंपाची कवायत तुम्हाला पाठ आहे. पण एकच भूकंप दोन घरांना वेगवेगळा हलवतो, हे ठाऊक आहे का?

१७ ऑक्टोबर १९८९. संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी सांताक्रूझच्या डोंगरात ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. ओकलंड तिथून बरंच लांब, तरी तिथला सायप्रस नावाचा दुमजली रस्ता कोसळला आणि ४२ माणसं गेली. आता गंमत नव्हे, पण नीट बघा: रस्त्याचा जो भाग खाडीच्या मऊ चिखलावर होता, तो पडला. घट्ट जमिनीवरचा भाग उभा राहिला. रस्ता तोच, भूकंपही तोच!

असं का होतं? खडकातून लाटा भरभर जातात. मऊ गाळात शिरल्या की त्यांचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो. ताटात खरवसाची वडी ठेवा (खरवस नसेल तर जेली चालेल) आणि ताटाला टिचकी मारा. ताट लगेच थांबतं, वडी थरथरत राहते. गाळाने भरलेलं खोरं म्हणजे एक मोठी वाटी. लाटा तिच्या काठावर आपटून परत फिरतात, म्हणून तिथे जमीन जास्त वेळ हलते. आपलं सॅन होजे अशाच वाटीत बसलंय. डोंगरावर गेलो की सुटलो, असंही नाही. तिथे दरडी कोसळतात.

मी मराठी शाळेत शिकलो. आमच्या भूगोलात गाळाची जमीन म्हणजे सुपीक, सगळ्यात चांगली जमीन! इथे भाड्याचं घर शोधताना मात्र तोच शब्द वाचून मी दचकलो. आम्हाला आवडलेलं घर फॉस्टर सिटीत होतं. ते गाव १९६० च्या दशकात पाणथळ जागेवर भराव घालून वसवलेलं. आई भारतातून आमच्याकडे राहायला येणार होती, त्यामुळे मी आणि बायको दोन रात्री वाद घालत बसलो.

शेवटी घर घेतलं. इमारत नवी होती, जमिनीचा विचार करून बांधलेली. कपाटं भिंतीला स्क्रूने पक्की केली. आईच्या पलंगावरची जड तसबीर काढली, त्यावर ती अजून रुसलेली आहे.

कॅलिफोर्नियाच्या भूगर्भ विभागाचा नकाशा इंटरनेटवर आहे. आईबाबांना सोबत घेऊन त्यात तुमचा पत्ता टाकून बघा.