शेवटचं कडवं

आमच्या सिन्नर तालुक्यात गाण्याला तोटा नाही. हळदीची गाणी, जत्रेतली गाणी, भारुडं, जयंतीची गाणी, पाऊस लांबला की धोंडीची गाणी. पण हे गाणं रचलं कुणी, असं विचारलं की लोक म्हणतात, "आपलं जुनंच आहे." जुनं म्हणजे काय आभाळातून पडलं? बांधावरची बाभळसुद्धा आपोआप उगवत नाही. कुठल्या तरी शेळीनं शेंग खाऊन तिथं बी टाकलेलं असतं.

जुन्या रचणारांना हे ठाऊक होतं. म्हणून ते शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यांनी घरदार सोडून तमाशाचा फड धरला. लावणीच्या शेवटी पठ्ठे बापूराव हे नाव यायचं, म्हणून ते लोकांच्या तोंडी राहिलं. आमच्याच तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांच्या गाण्यातही शेवटाला वामन येतो. वामनदादांना तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती. मुंबईच्या चाळीत कुणी पत्र वाचायला दिलं, ते वाचता येईना, आणि ते मनाला इतकं लागलं की मोठेपणी ते लिहायला-वाचायला शिकले. पुढं त्यांनी हजारो गाणी लिहिली. २००४ साली ते गेले. भीमजयंतीला त्यांचं गाणं वाजत नाही असं गाव मी तरी पाहिलं नाही. पण आता मोबाईलवर फिरतो तो मुखड्याचा तुकडा. शेवटचं कडवं कापलं जातं, अन् त्याच्याबरोबर नावही जातं.

बायांचं आणखी निराळं. जात्यावरच्या ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, विठ्ठलाचं येतं. रचणारीचं सहसा येत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी जळगावला दिलेल्या, शेतात राबणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या. त्यांची गाणी घरच्यांनी उतरून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी तर गावोगावच्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. मला ते काम फार मोठं वाटतं.

मी दहावी शिकलेला, कांदा पिकवणारा माणूस. तरी तीसेक वर्षं तालुक्यातल्या एका साप्ताहिकात गावोगावच्या गाणी रचणारांवर लिहीत आलो. "ह्याच्यातून तुला काय मिळतं?" असं घरचे विचारायचे. त्याचं उत्तर मला आमच्या शाहीर आबांमुळं सापडलं.

आबा डफावर गायचे. दुष्काळावर, हुंड्यावर, विहिरीवरच्या भांडणावर त्यांनी गाणी बांधली. त्यातलं एक गाणं एका कॅसेटवाल्यानं घेतलं अन् वर छापलं, 'पारंपरिक'. लग्नाच्या मांडवात ते गाणं वाजायचं, पंगतीत आबाही बसलेले असायचे, अन् शेजारच्याला पत्ता नसायचा. मी चिडलो की आबा म्हणायचे, "अरे, लोकं गातात ना? मग झालं."

"असं कसं झालं, आबा? तुमचं नाव कुठंय?"

"नाव घेऊन काय चाटायचंय?"

चुलीपुढून काकू बोलल्या, "चाटायचं न्हाई, पण औषधाला पैसे लागत्यात."

ते खरं होतं. म्हाताऱ्या कलावंतांना मानधन द्यायची सरकारची योजना १९५४-५५ पासून आहे. आबांचा अर्ज भरायला आम्ही गेलो, तर कचेरीत पुरावा मागितला. छापील काही आहे का, कात्रण आहे का? आबांकडं डफ होता, आवाज होता, पाठ असलेली शंभरेक गाणी होती. कागद एकही नव्हता. जे गाणं सगळीकडं वाजत होतं त्याच्यावर 'पारंपरिक' लिहिलेलं.

घरी येऊन मी पेटी उपसली. साप्ताहिकात आबांवर लिहिलेले माझे तीन लेख निघाले. कडांना पिवळे पडलेले, एकाचा कोपरा उंदरानं खाल्लेला. एका लेखात त्या गाण्याचं शेवटचं कडवं आबांच्या नावासकट छापलेलं होतं. त्यांच्या झेरॉक्स जोडल्या. दीड वर्षानं मानधन मंजूर झालं. पहिले पैसे आले त्या दिवशी आबांनी काकूंच्या हातात नोटा दिल्या अन् मला म्हणाले, "तुझ्या लिहिण्याला दर आला बाबा. कांद्याला कधी यायचा?" पुढं चौदा महिने त्यांनी मानधन घेतलं, मग गेले.

माझं लिहिणं काही मोठं वाङ्मय नाही, हे मला कळतं. पण रचणाराचं नाव कागदावर असलं की त्याला आपलं म्हणून काही मागता येतं, आणि त्याच्या नातवाला "हे माझ्या आजाचं" असं सांगता येतं.

तुमच्याही गावात असा कुणी असेल. एखादी म्हातारी असेल, एखादा भजनी असेल, एखादा जुना सोंगाड्या असेल. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. नाव, गाव, कुणाकडून शिकले, कोणत्या साली रचलं, एवढं विचारा. अन् गाणं उतरून घ्यायला वेळ कमी असेल, तर शेवटचं कडवं आधी उतरवा.