पहिली ओवी, पहिला क्रमांक

कलेच्या इतिहासाला क्रमांक लावण्याची ओढ ही आधुनिक नियतकालिकांची निर्मिती आहे, असा एक समज आढळतो. तो पुरता खरा नाही. कवींची गणना करताना करंगळीवर कालिदास मोजला गेला आणि त्याच्या तोडीचा दुसरा न सापडल्यामुळे पुढच्या बोटाचे ‘अनामिका’ हे नाव सार्थ ठरले, हे संस्कृत सुभाषित सर्वपरिचित आहे. मराठीत मात्र वामनाला श्लोक, तुकारामाला अभंग, ज्ञानेश्वराला ओवी आणि मोरोपंताला आर्या अशी वाटणी करणारे एक वचन रूढ आहे. त्यात कोणी पहिला नाही, कोणी चौथाही नाही. दोन्ही याद्याच आहेत. परंतु एक उतरंड रचते, तर दुसरी पंगत मांडते. पंगतीतही प्रपंच असतो, हे खरे. आर्येच्या शेजारी लावणीचे पान मांडलेले नाही, हे ध्यानात घेतले की पंगतीचे औदार्यही मर्यादित असल्याचे कळते. तरीही उतरंड आणि पंगत यांतला भेद महत्त्वाचा आहे. रॉक संगीताच्या इतिहासाची जी मांडणी गेली पन्नास वर्षे होत आली, तिचा विचार या भेदाच्या आधारे करता येतो.

१९८७ साली आंदर मावळातून पुण्याला शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या हाती जुन्या नियतकालिकांच्या ढिगातून ‘रोलिंग स्टोन’चा त्या वर्षीचा ऑगस्टचा अंक लागला. मागील वीस वर्षांतील शंभर सर्वोत्तम अल्बमची यादी त्यात होती. ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ही बीटल्सची १९६७ ची ध्वनिमुद्रिका पहिल्या क्रमांकावर होती. त्याने ती संपूर्ण यादी दोनशे पानी वहीत उतरून घेतली. क्रमांक, नाव, गायक, वर्ष असे रकाने आखले. त्या शंभरांपैकी एकही ध्वनिमुद्रिका तेव्हा त्याने ऐकलेली नव्हती.

या विद्यार्थ्याला ही यादी इतकी मोलाची का वाटली, हा प्रश्न टाळून यादीवर टीका करणे अन्यायाचे होईल. तो ज्या खोऱ्यातून आला होता, तेथे रेल्वेचे कान्हे स्थानक सोडले की टाकवे बुद्रुकवरून रस्ता आत शिरतो आणि आंद्रा नदीच्या कडेने सह्याद्रीच्या धारेकडे जातो. १९२२ साली पूर्ण झालेल्या ठोकळवाडी धरणाचे पाणी घाटाखाली भिवपुरीला उतरते. तेथे निर्माण होणारी वीज मुंबईला गेली. विजेच्या गिटारीचे संगीत ज्या शहरांत वाजले, ते शहरी जग या खोऱ्याच्या पाण्यावर काही प्रमाणात उजळले होते. परंतु त्या जगाचा इतिहास खोऱ्यात पोहोचण्याचा कोणताही मार्ग नव्हता. ध्वनिमुद्रिकांचे दुकान नाही, घरात संग्रह नाही, वाट दाखवणारा थोरला भाऊ नाही. अशा माणसाला यादी एका पानात संपूर्ण प्रदेशाचा नकाशा देते. ज्याच्याजवळ संग्रह नाही, त्याच्यासाठी यादी हाच संग्रह असतो. वसतिगृहातील इंग्रजी शाळांतून आलेल्या मुलांच्या चर्चेत तोंड उघडण्याचा अधिकार त्याला या यादीनेच दिला. महिन्याला एक कॅसेट भरून घेत तो क्रमाने ऐकत गेला. पुढची ध्वनिमुद्रिका कोणती हे ठाऊक असणे, यात ऐकण्याइतकाच आनंद होता.

मात्र लवकरच त्याला एक गोष्ट खटकू लागली. एखादी रचना आवडली नाही, की तो स्वतःच्या कानाला दोष देई. एकोणिसाव्या क्रमांकाची ध्वनिमुद्रिका नीरस वाटली आणि सत्तराव्या क्रमांकाची मनात घर करून राहिली, तर उणीव आपल्या अभिरुचीत आहे, असे तो मानी. यादीने त्याला ऐकायला लावले होते आणि त्याच यादीने ऐकण्याचा निर्णय त्याच्या हातून काढून घेतला होता. अभिरुचीच्या संदर्भात यादीचा मुख्य दोष हाच म्हणावा लागेल: ती मत सांगते, परंतु मोजमापाच्या भाषेत. अमेरिकेत १९५८ साली सुरू झालेली ‘बिलबोर्ड हॉट हंड्रेड’ किंवा रेडिओ सिलोनवर १९५२ पासून अमीन सयानींनी लोकप्रिय केलेली ‘बिनाका गीतमाला’ यांच्या पायदानांमागे खप, मागणी असे काही तरी मोजण्याजोगे असे. ‘सर्वोत्तम’च्या यादीत मोजली जातात ती मतेच; परंतु अंकाचा वेश चढवल्यावर ती मते वाटेनाशी होतात.

मतांना तारीख असते, हे त्या विद्यार्थ्याला दुसरी यादी मिळाल्यावर उमगले. लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने १९७४ साली ‘सार्जंट पेपर्स’लाच अग्रस्थान दिले होते, त्याच साप्ताहिकाने १९८५ साली ते मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या १९७१ च्या अल्बमला दिले. पुढे ‘रोलिंग स्टोन’चाही प्रवास तसाच झाला. २००३ च्या पाचशे अल्बमच्या यादीत ‘सार्जंट पेपर्स’ पहिला होता. २०२० मध्ये तो चोविसावा झाला आणि ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला. जोनी मिचेल यांचा ‘ब्लू’, तोही १९७१ चाच, तिसाव्यावरून तिसऱ्या स्थानावर आला. ध्वनिमुद्रिकांतील एक स्वरही मधल्या काळात बदललेला नव्हता. बदलले होते ते मतदार. कृष्णवर्णीय संगीत आणि स्त्रियांची गीतरचना यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती. याचा अर्थ नवी यादी अखेर न्यायाची झाली, असा नाही; प्रत्येक यादी ही आपल्या काळाच्या मूल्यव्यवस्थेची संहिता असते आणि ती तशीच वाचावी लागते, एवढाच आहे. मराठी वाङ्मयेतिहासाला हा अनुभव नवा नाही. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या १८५४ च्या ‘नवनीत’ने जे वेचे निवडले, तेच अनेक पिढ्यांना प्राचीन मराठी कविता म्हणून परिचित झाले. निवड हाच पुढे पुरावा ठरला.

परंतु याहून खोल अडचण मतदारांची नसून परिमाणाची आहे. यादी ज्याची गणना करते, ते आधी सुटे, नाव असलेले आणि विकत मिळणारे असावे लागते. रॉकच्या यादीचे परिमाण अल्बम हे आहे. जे मुद्रित झाले नाही, ते मागच्या क्रमांकावरही जात नाही. ते इतिहासाबाहेरच राहते. १९७१ साली मळवलीला ‘स्नेहयात्रा’ या नावाने रॉक संगीताचा महोत्सव भरला होता. सिद्धार्थ भाटिया यांचे भारतातील त्या पिढीच्या रॉक संगीतावरचे इंग्रजी पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले. एव्हाना प्राध्यापक झालेल्या आणि पन्नाशीकडे झुकलेल्या त्या विद्यार्थ्याला मळवलीचा उल्लेख त्यानंतर भेटला. कान्ह्याहून लोणावळ्याकडे निघाले की कामशेत आणि मग मळवली. लोकलने दुसरेच स्थानक. त्याच्या वहीत वुडस्टॉक होते, सॅन फ्रान्सिस्को होते. दोन स्थानकांवरची मळवली नव्हती. त्या काळच्या भारतीय बँडची जी थोडी ध्वनिमुद्रणे उरली, त्यांत ‘सिमला बीट’ या सिगारेट कंपनीने भरवलेल्या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या ध्वनिमुद्रिकांना मोठे स्थान आहे. म्हणजे येथे आधी स्पर्धेतील निवड आणि मग दस्तऐवज, असा उलटा क्रम होता.

अल्बमच्या परिमाणात न बसणारे दुसरे संगीत त्याच्या घरातच होते. त्याची आई पहाटे जात्यावर बसे आणि तो त्या आवाजात झोपलेला असे. गावात पिठाची गिरणी आल्यावर दळण थांबले आणि ओवीही हळूहळू थांबली. जात्यावरच्या ओवीलाही क्रमांक असतो, हे येथे विसरता येत नाही. पहिली ओवी अमुकाला, दुसरी तमक्याला, अशी मोजत जाण्याची रीत सर्वत्र आढळते. परंतु तो क्रम वाहण्याचा आहे. पाचवी ओवी पहिलीपेक्षा उणी नसते; ती दुसऱ्या कोणाची असते, एवढेच. त्याने एकदा आईला सर्वांत चांगली ओवी कोणती, असे विचारले. तिने उलट विचारले, “कुणाची? भावाची का लेकीची?” प्रश्न तिला कळला नव्हता, असे त्याला तेव्हा वाटले. पुढे वर्गात मूल्यमापनाचे सिद्धान्त शिकवताना, न कळणारा आपणच होतो, हे त्याच्या ध्यानात आले.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध करीत आले. विषय, गाव, गाणारी स्त्री अशा अंगांनी त्यांचे वर्गीकरण आहे. सर्वोत्तम शंभर ओव्यांची यादी त्यात नाही. म्हणून तेथे निवड नाही, असे मात्र मानू नये. कोणता विषय हा वर्ग ठरतो आणि कोणता ठरत नाही, कोणती ओवी आधी प्रसिद्ध होते, हेही निर्णयच आहेत. दळणाऱ्या बायकांतही एखादीचा गळा वाखाणला जाई, दुसरीला जुळवता येत नाही असे म्हटले जाई. मूल्यविवेकाला फाटा देणे हा उतरंडीवरचा उपाय नव्हे. मूल्यनिर्णय कोणी केला, केव्हा केला, कोणत्या परिमाणाने केला आणि त्या परिमाणात काय मावत नव्हते, एवढे तो निर्णय वाचणाऱ्याला दिसत राहिले पाहिजे. जी यादी हे झाकते, ती इतिहासाचा आभास निर्माण करते. जी दाखवते, ती इतिहासाचे साधन होते.

त्या प्राध्यापकाने जुनी वही टाकलेली नाही, आणि टाकण्याचे कारणही नाही. ज्या यादीने खोऱ्याबाहेरचे जग दाखवले, तिचे ऋण त्याला मान्य आहे. विद्यार्थी विचारतात तेव्हा तो त्यांना यादी देतोही. मात्र एक देत नाही, १९८५, १९८७ आणि २०२० अशा तीन एकत्र देतो आणि त्यांतील फरकांवर टिपण लिहायला सांगतो. वहीतले १९७१ च्या ध्वनिमुद्रिकांचे पान त्याने पुन्हा आखले आहे. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आणि ‘ब्लू’ यांच्यापुढे प्रत्येक यादीतील वेगवेगळे क्रमांक वर्षासह लिहिले आहेत. त्यांच्याखाली ‘स्नेहयात्रा, मळवली’ अशी नोंद आहे. ते संगीत त्याने ऐकलेले नाही. तेथे क्रमांकाचा रकाना रिकामा आहे.