भुकटीचा दाखला आणि लेपाची परीक्षा

वाळूज-शेंद्र्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांची लेपाकडून अपेक्षा सरळ असते: गंज लागू नये, झीज कमी व्हावी, पकड सुटू नये. हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या खुंटीवर हायड्रॉक्सिॲपेटाइट या हाडासारख्या कॅल्शियम फॉस्फेटची भुकटी फवारताना एवढे पाहून भागत नाही. फवारणीच्या प्लाझ्मा-झोताची उष्णता भुकटी नुसती वितळवून चिकटवत नाही, तिचे रसायनच बदलते. पुरवठादाराचा शुद्धतेचा दाखला कितीही चोख असो, रुग्णाच्या शरीरात जाणारा पदार्थ तो नव्हे. परीक्षा घ्यायची ती चढलेल्या लेपाची.

झोताचे तापमान १०,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कण त्यात जेमतेम काही मिलिसेकंद असतो, पण तेवढ्यात आधी हायड्रॉक्सिल निघून जातो आणि आणखी तापल्यास फॉस्फरसही ऑक्साइड होऊन उडतो. कॅल्शियम-फॉस्फरसचे १.६७ हे प्रमाण ढळते. मोठ्या कणाचा गाभा शाबूत राहतो, कडेला ट्रायकॅल्शियम आणि टेट्राकॅल्शियम फॉस्फेट तयार होते. थंड धातूवर आदळलेल्या द्रवाला स्फटिक व्हायला उसंत मिळत नाही, तो अस्फटिकच गोठतो. क्ष-किरण आलेखात ३१.८ अंश कोनाजवळच्या टोकदार शिखराच्या पायथ्याशी पसरट उंचवटा दिसतो तो याचा. ३७.४ अंशांपाशी बारीकसे शिखर उठले, तर चक्क कळीचा चुना झालेला असतो. शरीरातल्या पाण्यात तो विरतो, फुगतो आणि लेप कमकुवत करतो.

यावर म्हणतात, अस्फटिक भाग लवकर विरघळून कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडतो, ते नव्या हाडाच्या कामीच येते. हे खरे आहे. पण विरघळायचे कुठे, हाही प्रश्न आहे. धातूलगतचा थर सर्वांत झपाट्याने निवतो, म्हणून अस्फटिक भाग नेमका तिथे जास्त साठतो. तो गेला की वरचा उत्तम लेप निराधार होतो. संपूर्ण लेपाच्या सरासरी स्फटिकतेच्या आकड्यात हे लपून जाते.

दुसरा युक्तिवाद भट्टीचा. सहाशे-सातशे अंशांवर तापवल्यास अस्फटिक भाग पुन्हा स्फटिक होतो, हेही खरेच. मात्र उडालेला फॉस्फरस परत येत नाही. शिवाय हायड्रॉक्सिॲपेटाइट टायटॅनियमपेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे निवताना लेपावर ताण येतो आणि तडे जाऊ शकतात. भट्टी बिघाड कमी करते, पुसून टाकत नाही.

म्हणून या कामाकडे वळू पाहणाऱ्या इथल्या कारखानदाराने भुकटीच्या दाखल्यावर थांबू नये. झोताची शक्ती, कणांचा आकार किंवा फवारणीचे अंतर बदलले की लेपाचा क्ष-किरण आलेख नव्याने काढावा, आणि छेद घेऊन धातूलगतचा थर वेगळा तपासावा. हा खर्च लेपाच्या किमतीतच धरायला हवा.